वरच्या फळीकडे बघितलं की दुकान गरगर फिरतं. हे मानेचं आहे का?

काठपदर (कळवा)

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक होईल, सांभाळून घ्या. मला बोलायची सवय आहे, लिहायची नाही.

वय 53. नौपाड्यात साडीच्या दुकानात तीस वर्षं सेल्समन आहे. बीपीची एक गोळी रोज सकाळी, साखर नाही, तंबाखू 2011 साली सोडली ती सोडलीच.

पंधरा दिवसांपूर्वी पहाटे उजव्या कुशीवर वळलो आणि छताचा पंखा गरगरला. पंखा बंद होता हो, डिसेंबर आहे. खोलीच फिरत होती. पलंगाची कड घट्ट धरून पडून राहिलो. बायकोला हलवून विचारलं भूकंप आहे का, ती म्हणाली झोपा. मिनिटभरात थांबलं. आदल्या रात्री पुतण्याच्या हळदीला जेवलो होतो, म्हटलं तेच बाधलं असेल.

त्याच आठवड्यात दुकानात झालं. आमच्याकडे काळ्या साड्या वर्षभर कुणी विचारत नाही, म्हणून त्यांचा मुक्काम सगळ्यात वरच्या फळीवर. संक्रांत जवळ आली की त्या उतरवायच्या. एका बाईंना चंद्रकळा हवी होती. स्टुलाच्या दुसऱ्या पायरीवर चढलो, मान मागे टाकून हात घातला, आणि अख्खं कपाट उजवीकडे ओघळायला लागलं. चार साड्या गादीवर, मी शेठच्या अंगावर. बाई घाबरून निघून गेल्या. शेठनी लिंबू सरबत पाजलं, पण सरबत देताना जरा जवळ येऊन वास घेतला माझ्या तोंडाचा. तीस वर्षांत पहिल्यांदा. ते मला चक्करेपेक्षा लागलं.

मग सुरू झाली यात्रा. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पित्त सांगितलं, पाच दिवस गोळ्या. फरक शून्य. मग हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मानेचा एक्स-रे काढला, म्हणाले पाचव्या-सहाव्या मणक्यात गॅप कमी झालीय, स्पॉन्डिलोसिस आहे, म्हणजे मणक्यांची झीज. मानेला पट्टा (साडेसहाशे रुपये), बीटाहिस्टिन ही चकरेची गोळी दिवसातून तीनदा महिनाभर, आणि वजनं लावून मान ओढायच्या दहा सिटिंग. चार झाल्या. मान मोकळी वाटते, चक्कर आहे तिथेच. आता म्हणतात मेंदू आणि मान दोन्हींचा एमआरआय करा. मी चौकशी केली, आकडा ऐकून उभ्या उभ्या पुन्हा चक्कर आली.

घरचे वेगळेच. मेहुणा म्हणतो रक्त कमी, खजूर खा. आई म्हणते दृष्ट लागलीय, लग्नसराईत कमिशन बरं मिळतं ना तुला.

आता मी जे पाहिलंय ते सांगतो. गिऱ्हाईक आत आलं की घेणार का नुसतं बघणार हे चपला काढण्यावरून ओळखतो आम्ही, त्यामुळे निरीक्षण बरं आहे. चक्कर फक्त उजव्या कुशीवर वळताना, वर बघताना आणि वाकून उठताना येते. डाव्या कुशीवर कधीच नाही. वळल्यावर दोन-तीन सेकंदांनी सुरू होते आणि मनात पंचविसापर्यंत मोजलं की थांबते. ऐकायला नीट येतं, कानात आवाज नाही. मळमळतं, एकदा उलटी झाली. एरवी जरा हलकं हलकं वाटतं, कळवा स्टेशनचा जिना उतरताना कठडा सोडत नाही. पट्टा घातला की चक्कर कमी येते हेही खरं, म्हणून मानेचं असेल असंही वाटतं.

तर हे खरंच मानेचं आहे का? एमआरआय करावा का? सीझनमध्ये सुट्टी मागायला तोंड नाही.

चरईकर

अहो भाऊ, तुमचं वाचता वाचता मी नवऱ्याला हाक मारली, म्हटलं हे बघा, कुणीतरी माझंच लिहिलंय.

मी निवृत्त शिक्षिका, वय 61. माझं दोरीवर कपडे वाळत घालताना सुरू झालं. आमच्याकडे वर टांगलेल्या दांड्या आहेत, काठीनं कपडा वर सरकवायचा. मान वर केली की बाल्कनी फिरायची. दोन वर्षं, दोन वर्षं मी मानेचा पट्टा घालून फिरले. उशी बदलली, मग उशी काढूनच टाकली. राम मारुती रोडवर ओळखीचं कुणी भेटलं तरी नुसती मान न वळवता अख्खी वळायचे, बुजगावण्यासारखी. मैत्रिणींना वाटायचं बाई शिष्ट झाली.

शेवटी सर्दीसाठी म्हणून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले आणि जाता जाता चकरेचं बोलले. त्यांनी तिथल्या तिथे आडवं पाडलं, डोळ्यांत बघितलं आणि म्हणाले, बाई, मान ठणठणीत आहे, कानातले खडे सुटलेत. दहा मिनिटांचं काम होतं. घरी येऊन पट्टा माळ्यावर टाकला.

तुम्ही तडक कान-नाक-घसावाल्यांकडे जा आणि सांगा की कूस बदलली की येते. नुसतं "चक्कर येते" सांगितलंत तर सगळे बीपीच मोजतात. जाताना पोटभर जेवून जाऊ नका आणि एकटे जाऊ नका. तपासताना ती चक्कर मुद्दाम आणतात, त्याला तयार राहा.

जिरेपाणी

मला तर साधं पित्त वाटतंय. रात्री जिरे भिजत घाला, सकाळी ते पाणी गाळून प्या, वर एक मोरावळा. चहा बंद. आठ दिवसांत फरक. एमआरआय वगैरे सगळं पैसे काढायचं.

फिजिओ वाशी

जिरेपाणी यांचा मोरावळा चविष्ट असतो, खा, पण त्यानं हे थांबणार नाही.

काठपदर दादा, निम्मं निदान तुम्हीच करून ठेवलंय. समोर बसवून तपासल्याशिवाय शिक्का मारणार नाही, पण एकाच कुशीवर येणारी, दोन-तीन सेकंद दम खाऊन सुरू होणारी आणि पंचविसाला थांबणारी चक्कर मानेची नसते. मानेचं दुखणं असं घड्याळ लावून येत-जात नाही. याला बिनाइन पॅरॉक्सिझमल पोझिशनल व्हर्टिगो म्हणतात, थोडक्यात बीपीपीव्ही. त्यातल्या "बीपी"चा रक्तदाबाशी संबंध नाही. चिठ्ठीवर ते वाचून दोन पेशंटांनी माझ्याकडे येण्याआधी मीठ सोडलं होतं.

आतल्या कानात तोल सांभाळायला तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, आत पाण्यासारखा द्रव. शेजारी एक छोटी पिशवी, तिच्यातल्या चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे अगदी बारीक स्फटिक बसलेले असतात. समुद्राच्या शिंपल्यात असतं तेच. वयामुळे, डोक्याला मार लागल्यामुळे, आजारपणात फार दिवस पडून राहिल्यामुळे, पुष्कळदा काहीच कारण न सापडता हे खडे सुटतात आणि नळीत घरंगळतात. बहुतेक वेळा मागच्या नळीत, कारण आपण बसलेलो-उभे असताना ती सगळ्यात खाली असते. पन्नाशीनंतर हे जास्त दिसतं, बायकांमध्ये आणखी जास्त. मग तुम्ही कूस बदलली किंवा वर बघितलं की खडे सरकतात, द्रव ढवळतो आणि मेंदूला निरोप जातो की डोकं फिरतंय. डोळे म्हणतात, फिरत नाहीये. दोघांच्या भांडणात तुम्ही पलंगाची कड धरता. खडे तळाला बसले की निरोप थांबतो, म्हणून ते पंचवीस सेकंद.

पट्ट्याचं कोडंही सोपं आहे. पट्टा घातला की वर बघताच येत नाही, मग चक्कर येणार कशी? चप्पल लागते म्हणून चालणं सोडलं तर पाय दुखत नाही, तसं. आणि एक्स-रेचं म्हणाल, तर पन्नाशी उलटलेल्या बहुतेकांच्या मानेत झीज दिसते. माझ्याही आहे. झीज दिसली म्हणून चक्कर तिचीच, असं होत नाही.

तपासणी आणि उपाय दोन्ही जुने आहेत. डिक्स आणि हॉलपाइक यांनी लंडनमध्ये 1952 साली तपासणी मांडली: मान एका बाजूला वळवून झटकन मागे झोपवायचं आणि डोळे बघायचे. ज्या कानात खडे, त्या बाजूला झोपवलं की बुबुळं नाचतात. खडे पुन्हा पिशवीत नेऊन टाकण्याची युक्ती अमेरिकेत पोर्टलंडच्या जॉन एपली यांनी 1980 मध्ये दाखवली, तर तिथल्या डॉक्टरांनीच टिंगल केली. शोधनिबंध छापून यायला 1992 उजाडलं. औषध नाही, ऑपरेशन नाही, नुसतं डोकं चार वेळा वळवायचं, म्हणून कुणाला खरं वाटेना. आजही बरा झालेला पेशंट फी देताना माझ्याकडे त्याच नजरेनं बघतो. बहुतेकांना एक ते तीन वेळांत उतार पडतो.

बीटाहिस्टिननं खडे जागेवर जात नाहीत. मळमळ असह्य असेल तर दोन-चार दिवस चकरेची गोळी ठीक. पण सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन महिनोन्महिने घेणारी वयस्क मंडळी माझ्याकडे येतात, हात कापतात, चाल मंदावते, आणि घरचे म्हणतात पार्किन्सन झाला. गोळीनंही तसं होऊ शकतं. अर्थात मनानं काही बंद करू नका, बीपीची गोळी तर मुळीच नाही. उलट एकदा आडवं पडून आणि मग उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत बीपी मोजून घ्या. वरचा आकडा 20 नं उतरला तर उठताना येणाऱ्या अंधारीचं ते वेगळं कारण असतं, आणि बीपीची गोळी घेणाऱ्यांत ते सापडतं.

एमआरआय: तपासणीत डोळे ठरल्याप्रमाणे नाचले आणि बाकी काही वावगं नसेल तर सहसा लागत नाही. हे खडे त्यात दिसतही नाहीत.

आणि मोबाईलवर बघून लगेच गादीवर प्रयोग करू नका. आधी कान ठरू द्या, नळी ठरू द्या. खडे आडव्या नळीत असतील तर दोन्ही कुशींवर फिरतं आणि उपाय वेगळा असतो. एकदा शिकवलं की घरी करता येतं.

ऐरोलीची सून

काका, तुमचं कानाचंच असेल, फिजिओ सरांनी छान सांगितलंय. पण हे वाचून कुणीतरी सगळीच चक्कर कानाची समजेल, म्हणून आमच्या घरचं लिहिते.

सासरे, वय 70. गेल्या पावसाळ्यात सकाळी चहा पिताना म्हणाले फिरतंय. आम्ही झोपवलं. तुमच्यासारखं पंचविसाला थांबलं नाही, तासभर चालूच. डोळे मिटून न हलता पडले तरी फिरतच होतं. बसवलं तर एका बाजूला कलंडायला लागले, बसताच येईना. पायात ताकद होती, तरी उभे राहू शकत नव्हते. मग "साखर" शब्द म्हणताना जीभ अडखळली. शेजारच्या काकू म्हणाल्या कानाचं असतं, आलं-साखर द्या. नशीब माझं की नणंद फोनवर होती, तिनं ओरडून 108 ला फोन करायला लावला. लहान मेंदूतला झटका होता. रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं, आम्ही आलं किसत बसलो असतो तर गेलेच होते ते तास. आता चालतात, काठी घेऊन, सेक्टर आठच्या बागेपर्यंत.

म्हणून चक्कर थांबतच नसेल, बोलणं जड झालं, एकाचे दोन दिसायला लागले, हातपाय किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, एका कानानं अचानक ऐकू येईना किंवा आयुष्यात कधी दुखलं नव्हतं असं डोकं दुखलं, तर कान-नाक-घशाच्या नंबराची वाट बघायची नाही. सरळ मोठं हॉस्पिटल.

काठपदर (कळवा)

सगळ्यांचे आभार. नऊ दिवसांनी लिहितोय, संक्रांत अंगावर होती.

ऐरोलीच्या ताई, तुमचं वाचून त्या रात्री बायकोनं मला चार वेळा "साखर" म्हणायला लावलं. म्हटलं, दुकानात दिवसभर "कांजीवरम" म्हणतो ते कमी आहे का.

पाचपाखाडीत कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो, बायकोला घेऊन. मी सुरुवातच केली, "कूस बदलली की येते." त्यांनी पेन खाली ठेवलं. आधी झोपवून आणि उभं करून बीपी घेतलं, ते ठीक. मग टेबलावर पाय लांब करून बसवलं, डोकं दोन्ही हातांत धरून उजवीकडे वळवलं आणि सांगितलं, "आता मागे पाडते, काही झालं तरी डोळे मिटायचे नाहीत, माझ्या कपाळाकडे बघायचं." आणि पाडलं. डोकं टेबलाच्या कडेबाहेर, जरा खालीच लोंबतं. एक, दोन, तीन, काही नाही. म्हटलं आजच नेमकी येत नाही वाटतं, नाटकी ठरणार आपण. आणि मग आली. आजवरची सगळ्यात जबर. मी त्यांच्या एप्रनची बाही धरली ती सोडेचना. बाईंच्या कपाळावर टिकली होती, त्या एका टिकलीच्या दहा झाल्या आणि सगळ्या वर पळायला लागल्या.

बायकोला त्यांनी मोबाईलवर माझ्या डोळ्यांचं चित्रण करायला सांगितलं होतं. नंतर बघितलं. बुबुळं झटके देत वर उडतायत आणि वर उडता उडता जात्याच्या पाळीसारखी गोलही फिरतायत. आपलेच डोळे, आणि आपल्याला पत्ता नाही. तेच चित्रण मी दुसऱ्या दिवशी शेठना दाखवलं. त्यांनी दोनदा बघितलं, काही बोलले नाहीत, दुपारी माझ्यासाठी वेगळा चहा मागवला. बसलं सगळं जागेवर.

उपाय म्हणजे असा. त्याच स्थितीत मिनिटभर ठेवलं. मग डोकं हळूहळू डावीकडे, पुन्हा मिनिटभर. मग अख्खं अंग डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे, इथे परत थोडं फिरलं. मग पाय खाली सोडून उठवलं. घडी घालताना आम्ही प्रत्येक मोडीला हात फिरवून मगच पुढची मोड घालतो ना, घाई केली की काठ सरकतो, तसंच वाटलं. पंधरा मिनिटं बाहेर बसवून पुन्हा पाडून बघितलं. काही नाही. टिकली एकच.

पहिले चार दिवस कापसावर चालल्यासारखं होतं, त्या म्हणाल्याच होत्या. सहाव्या दिवशी उजवीकडे जरा हेलकावा आला, परत गेलो, परत तेच केलं. त्यानंतर आजपर्यंत नाही. बीटाहिस्टिन त्यांनी थांबवली, मान ओढणं थांबवलं, एमआरआय नको म्हणाल्या. रक्तात ड जीवनसत्त्व 11 निघालं, म्हणजे बरंच कमी. आठवड्याला एक अशा साठ हजार युनिटच्या आठ पुड्या दिल्यात दुधातून. सकाळी साडेनऊला शटरच्या आत आणि रात्री नऊला बाहेर, ऊन कुठून मिळणार?

पट्टा आईनं घेतलाय. मालिका बघताना मान खाली पडते, तर टेकू बरा म्हणते.

फिजिओ साहेब, दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. हे परत येतं का? आणि नातेवाईक सांगतात की आठ दिवस बसूनच झोपायचं, उजव्या कुशीवर कधीच वळायचं नाही. मी भिंतीला टेकून झोपतोय, कंबर गेली.

फिजिओ वाशी

परत येऊ शकतं, बऱ्याच जणांना काही महिन्यांनी किंवा वर्षांनी येतं. आलं तर घाबरायचं नाही, तोच उपाय. पुड्या मात्र पूर्ण करा, नंतर पुन्हा तपासून घ्या. कोरियात एक मोठी चाचणी झाली होती, 2020 साली छापून आली. ज्यांचं ड कमी होतं त्यांना ड आणि कॅल्शियम दिल्यावर चक्कर परतण्याचं प्रमाण घटलं.

बसून झोपायची गरज नाही. पूर्वी सांगायचे तसं, मीही सांगायचो. त्यानं काही विशेष फायदा होत नाही असं नंतर दिसून आलं. हवं त्या कुशीवर झोपा. स्टुलावर मात्र महिनाभर पोऱ्याला चढवा.

काठपदर (कळवा)

पोऱ्याच चढतो. शिवाय शेठनी काळ्या साड्या कमरेच्या फळीवर आणल्या, त्या जागी वर पांढऱ्या गेल्या.

काल झोपलो उजव्या कुशीवर. पंखा जागेवर होता. बायको म्हणते, आता घोरण्याचं काहीतरी विचारा तिथे.